हाती नांगर, पायी चाळ

पोलादपूर सोडून महाबळेश्वराच्या दिशेने निघाले म्हणजे आंबेनळी घाटाची चढण लागते. एका अंगाला सह्याद्रीचा काळा कडा, दुसऱ्या अंगाला सावित्रीचे खोल खोरे आणि पुढे प्रतापगडाचा डोंगर, असे हे स्थळ आहे. घाटाच्या पायथ्याशी, डोंगरांच्या कुशीत, लहान लहान वाड्या वसलेल्या दिसतात. सपाटीवर भाताची खाचरे आणि उतारावर नाचणी-वरीचे तुकडे, एवढीच काय ती येथील शेतकऱ्याची दौलत. पाऊस येथे अतोनात पडतो; परंतु पडलेले पाणी उतारावरून धावत समुद्राला जाऊन मिळते. वर्षातून एक पीक हाती येते, आणि मग उरलेल्या महिन्यांत काय करावे हा प्रश्न प्रत्येक घरापुढे उभा राहतो.

या वाड्यांतून गौरी-गणपतीच्या दिवसांत फिरून पाहावे. रात्रीचे जेवण आटोपले, की अंगणात दिवा लागतो. मध्यभागी शाहीर, ढोलकीवाला व झांजवाले बसतात. त्यांच्याभोवती पायांत चाळ बांधलेले तरुण फेर धरतात. ढोलकीवर थाप पडताच सगळे पाय एकदम उचलतात आणि एकदम टेकतात. हेच जाखडी नृत्य होय. पहाटेपर्यंत खेळ चालतो. सकाळी तुम्ही त्याच वाडीत गेलात, तर रात्री नाचणारा एक जण गोठ्यातले शेण काढताना भेटेल, दुसरा खाचराचा बांध नीट करीत असेल आणि तिसरा महाडच्या गाडीची वाट पाहत नाक्यावर उभा असेल. कारण त्याला दुकानातील नोकरीवर वेळेवर पोचावयाचे असते.

मुलांनो, रंगभूमीवरील राजा, शाहीर किंवा नर्तक आपण पाहतो तो दोन-चार घटकांपुरता. खेळ संपतो, दिवे मालवतात आणि आपण घरी जातो. त्या कलावंताचे पुढे काय होते? दोन खेळांच्या मधल्या दिवसांत त्याची चूल कशी पेटते? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, म्हणजे महाराष्ट्राच्या लोकजीवनाची एक निराळीच बाजू आपल्या दृष्टीस पडते.

शेतीचे पंचांग आणि कलेचे पंचांग

कोकणातील शेतकऱ्याचे वर्ष ठरलेले असते. उन्हाळ्यात राब भाजावयाचा, मृगात पेरणी करावयाची, आषाढात चिखलात उभे राहून लावणी करावयाची, श्रावणात बेणणी आणि आश्विन-कार्तिकात कापणी व झोडणी. आता या कामांशेजारी कलेचे पंचांग मांडून पाहा. जाखडी भाद्रपदात होते. त्या वेळी लावणी होऊन गेलेली असते आणि कापणीला अवकाश असतो. पालखी व शिमग्याचे खेळ फाल्गुनात येतात. तेव्हा धान्य कणगीत पडलेले असते आणि नवी पेरणी दूर असते. म्हणजे आपल्या पूर्वजांनी कलेला शेताच्या कामात आडवे येऊ दिले नाही आणि शेताच्या कामाने कलेचा गळाही दाबू दिला नाही. दोघींना त्यांनी वर्षाच्या एकाच पाटावर शेजारी शेजारी बसविले.

जाखडीत शक्तिवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष असतात. एक पक्ष शक्तीचे श्रेष्ठत्व गातो, तर दुसरा शिवाचे. एका शाहिराने पुराणातील कूट प्रश्न घालावा व दुसऱ्याने त्याचे गाण्यातूनच उत्तर द्यावे, अशी रीत आहे. याकरिता पुराणकथा मुखोद्गत असाव्या लागतात, आणि शीघ्रकवित्वही लागते. ही विद्या शिष्य गुरूकडून घेतो, आणि ती घेण्याचे काम बहुधा दिवसभराच्या कष्टांनंतर रात्रीच चालते.

या नृत्याला 'बाल्या नाच' असेही म्हणतात. या नावाची कथा मोठी मार्मिक आहे. पूर्वी कोकणातून पुष्कळ माणसे मुंबईस घरकामाकरिता जात. त्यांच्या कानांत बाळ्या असत. त्यावरून मुंबईकर त्यांना 'बाल्या' म्हणू लागले आणि हे बाल्ये नाचतात तो बाल्या नाच, असे सांगतात. पोटासाठी पत्करलेल्या चाकरीची ओळख अशा रीतीने त्यांच्या कलेलाही चिकटली! जे नाव हिणविण्याकरिता वापरले जात असेल, तेच या लोकांनी आपल्या नाचाच्या जोरावर कौतुकाचे करून दाखविले.

गिरणीचा भोंगा आणि डफाची थाप

मुंबईत १८५४ मध्ये पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली. पुढे परळ, लालबाग, नायगाव, वरळी हा सारा भाग गिरण्यांच्या धुराड्यांनी भरून गेला. कोकणातील आणि घाटावरील तरुण तेथे कामाला लागले. एकेका लहानशा खोलीत एकाच गावाची वीस-वीस माणसे राहत. पहिल्या पाळीचा माणूस कामावर गेला, की रात्रपाळीचा माणूस त्याच्या जागेवर आडवा होई. वळकटी, पत्र्याची पेटी आणि खानावळीचे जेवण असा हा संसार होता. तरीही या माणसांनी आपली ढोलकी आणि आपली भजने गावी ठेवली नाहीत. ती त्यांनी बरोबर आणली. गणपती जवळ आले, की चाळीच्या गच्चीवर किंवा पटांगणात तालमी सुरू होत. कुणाची दिवसपाळी, कुणाची रात्रपाळी. सगळे एकत्र जमावयाचे तरी केव्हा? म्हणून एकाने दुसऱ्याची पाळी घ्यावयाची आणि वेळ आल्यावर ती फेडावयाची, अशी देवघेव चाले.

याच गिरणगावात कामगार रंगभूमी फुलली. परळ येथे सोशल सर्व्हिस लीगने १९२२ मध्ये उभारलेले दामोदर नाट्यगृह हे तिचे माहेरघर होते. दिवसा साच्यावर उभा राहणारा कामगार रात्री तेथे शिवाजी किंवा संभाजी होऊन उभा राही. समोर बसलेले प्रेक्षकही कामगारच असत. आपल्या शेजारच्या साच्यावरचा माणूस आज राजा झाला आहे, याचे त्यांना कोण कौतुक वाटे!

अण्णाभाऊ साठे यांचे नाव तुम्ही ऐकलेच असेल. वाटेगाव येथे १९२० मध्ये जन्मलेल्या अण्णाभाऊंनी मुंबईत हमाली केली आणि गिरणीतही काम केले. शाहीर अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभारले. त्यांच्या वगांत आणि पोवाड्यांत श्रमिकांचे जे जिवंत चित्र उमटले आहे, ते दुरून पाहून काढलेले नाही. ज्या हातांनी ओझे उचलले, त्याच हातांनी डफ धरला होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. तो लांबला, आणि हळूहळू बहुतेक गिरण्या बंद पडल्या. हजारो कुटुंबांची भाकरी गेली, आणि तिच्याबरोबर कामगार रंगभूमीचा आधारही खचला. यातून एक गोष्ट स्पष्ट होते. कलावंताचा पोटाचा धंदा बुडाला, की त्याची कलाही डगमगू लागते. दोन्हींची मुळे एकाच मातीत असतात.

रात्री राजा, सकाळी बोजा

कोकणाच्या दक्षिण टोकाला, सिंधुदुर्ग जिल्ह्यात, दशावतारी नाटके होतात. कार्तिक महिन्यात गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या, की दशावतारी मंडळ्या बाहेर पडतात, त्या पावसाळा जवळ येईपर्यंत फिरत राहतात. संवाद लिहिलेले नसतात. कथानक ठरलेले असते आणि नट प्रसंगानुसार बोलतात. आपला चेहरा प्रत्येक जण स्वतःच रंगवितो. पूर्वी वाहने नव्हती. तेव्हा खेळ संपला, की पोशाखांचा पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावाची वाट धरावी लागे. म्हणूनच रात्रीचा राजा सकाळी डोक्यावर बोजा घेऊन चालतो, अशा अर्थाची म्हण तिकडे रूढ झाली. ही म्हण विनोदाची खरी, परंतु तिच्या पोटात केवढे सत्य दडले आहे! पावसाळ्यात हाच राजा शेतात उतरतो. ज्याची स्वतःची शेती नसते तो दुसऱ्याच्या शेतावर राबतो, सुतारकाम करतो किंवा एखादे लहानसे दुकान चालवितो.

फडाचे आठ महिने, घराचे चार

घाट चढून देशावर गेले, म्हणजे तमाशाचे फड भेटतात. दसऱ्याच्या सुमारास फड बाहेर पडतात आणि वैशाख संपेपर्यंत गावोगाव फिरतात. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव हे तमाशाचे मोठे केंद्र आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे निरनिराळ्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, बोलणी होतात, आणि यात्रेच्या खेळाची सुपारी ठरते. सुपारी ठरणे म्हणजे खेळ पक्का होऊन आगाऊ रक्कम मिळणे.

पावसाळ्याचे चार महिने फड बंद असतो. कुणी शेतमजुरी करतो, कुणी भाजी विकतो, तर कुणी मिळेल ते काम करतो. पुष्कळ कलावंत या दिवसांत फडमालकाकडून उचल घेतात आणि पुढच्या हंगामात खेळ करून ती फेडतात. फडमालक तरी पैसे कोठून आणणार? तोही सावकाराकडून कर्ज काढतो. एखाद्या वर्षी अवकाळी पाऊस झाला किंवा दुष्काळामुळे यात्रा झाल्या नाहीत, तर कर्जाचे ओझे पुढच्या वर्षावर चढते.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर हे तमाशातील एक थोर नाव. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, हजारो प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले. तरीही उतारवयात त्यांना पैशाची विवंचना सोसावी लागली. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर राज्य शासनाने त्यांच्या नावाने तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. टाळ्यांच्या कडकडाटाने मान मिळतो, परंतु म्हातारपणाची बेगमी होत नाही, हे त्यांच्या चरित्रावरून आपण शिकले पाहिजे.

आता महाराष्ट्राच्या पूर्व टोकास जाऊ. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या भागास झाडीपट्टी म्हणतात. येथेही भाताचीच शेती होते, आणि येथेही नाटकाचा हंगाम धान कापून झाल्यावर, दिवाळीनंतर सुरू होतो. वडसा या गावी नाट्यमंडळ्यांची कार्यालये आहेत. रात्री सुरू झालेले नाटक पहाटे संपते आणि प्रेक्षक घोंगड्या पांघरून ते शेवटपर्यंत पाहतात. नटांत शेतकरी असतात, शिंपी असतात, शिक्षकही असतात. या रंगभूमीवरील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री किताब मिळाला. गडचिरोली जिल्ह्यातील गुरनोली या खेड्यात राहून, शेती सांभाळून त्यांनी रंगभूमीची सेवा केली. आंबेनळीच्या पायथ्याची वाडी आणि गुरनोली यांच्यामध्ये सारा महाराष्ट्र पसरलेला आहे. परंतु भाताच्या शेताने आणि रात्रीच्या खेळाने दोन्हीकडच्या माणसांचे जीवन सारख्याच घडणीचे केले आहे.

शहरातील नट

शहरातील रंगभूमीची कथा थोडी वेगळी आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगली येथे 'सीतास्वयंवर' नाटकाचा प्रयोग केला. त्यानंतर हळूहळू व्यावसायिक नाटक मंडळ्या निघाल्या. मंडळीचे बिऱ्हाड गावोगाव हिंडे. नटाला पगार मिळे आणि भोजनाची व राहण्याची सोय मंडळीच करी. अशा नटास दुसरा धंदा करण्याची गरज नसे, आणि तेवढी उसंतही नसे. पुढे १९३१ मध्ये बोलपट आला. लोकांची पावले चित्रपटगृहांकडे वळली, एकामागून एक मंडळ्या मोडल्या आणि पगारी नट ही जात जवळजवळ नाहीशी झाली. आता एका प्रयोगाचे पैसे एका प्रयोगापुरते मिळू लागले. या मोबदल्याला नाट्यव्यवसायात 'नाईट' म्हणतात. प्रयोग आहे तर नाईट आहे. प्रयोग नाही तर काहीच नाही. साहजिकच नटाला नोकरीचा आधार शोधणे भाग पडले. कचेऱ्या, बँका आणि गिरण्या यांतील हौशी कलावंतांनी मग रंगभूमी सावरून धरली. १९५४ मध्ये राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली, आणि दिवसा नोकरी करून रात्री तालीम करणाऱ्या शेकडो कलावंतांना तिने व्यासपीठ दिले.

या कलावंतांची उदाहरणे किती द्यावीत! निळू फुले यांनी तरुणपणी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केले. काम संपले, की ते सेवादलाच्या कलापथकात जात. दादा कोंडके मुंबईत 'अपना बाजार'मध्ये नोकरी करीत होते. 'रायगडाला जेव्हा जाग येते' हे वसंत कानेटकरांचे नाटक १९६२ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातील संभाजीच्या भूमिकेने ज्यांचे नाव घरोघरी पोचले, ते काशिनाथ घाणेकर दंतवैद्य होते. डॉ. श्रीराम लागू कान, नाक व घसा यांचे शस्त्रवैद्य होते. अनेक वर्षे त्यांनी वैद्यकी आणि नाटक यांचा जोडीने सांभाळ केला. १९६९ मध्ये त्यांनी वैद्यकी सोडून पूर्णवेळ नट होण्याचा निर्णय घेतला, आणि पुढच्याच वर्षी 'नटसम्राट'मधील भूमिका केली. प्रशांत दामले यांनीही आरंभी मुंबईच्या 'बेस्ट'मध्ये नोकरी करीतच रंगभूमीवर पाऊल ठेवले.

दूरदेशीचे सोबती

ही स्थिती केवळ आपल्याच देशात आहे असे नाही. इंग्लंडमधील यॉर्क या गावी मध्ययुगात बायबलमधील कथांवर नाटके होत. ती नाटके त्या त्या धंद्याचे लोक करीत. नोहाने नौका बांधल्याचा प्रवेश जहाज बांधणाऱ्या सुतारांकडे असे, आणि येशूच्या अखेरच्या भोजनाचा प्रवेश पाव भाजणाऱ्या भटाऱ्यांकडे असे. आपला धंदा त्यांनी रंगभूमीवर आणला होता. जर्मनीतील ओबरआमेरगाऊ या खेड्यात १६३३ मध्ये प्लेगची साथ आली. साथ ओसरावी म्हणून गावकऱ्यांनी येशूच्या अंतकाळाचे नाटक करण्याचा नवस केला आणि १६३४ मध्ये तो फेडला. पुढे दर दहा वर्षांनी ते नाटक करण्याची प्रथा पडली, ती आजतागायत चालू आहे. २०२० चा प्रयोग साथीमुळे लांबणीवर पडून २०२२ मध्ये झाला. नट सगळे गावचेच: कुणी लाकडावर कोरीव काम करणारा, कुणी खाणावळ चालविणारा. नाटकाच्या आदल्या वर्षापासून ते केस आणि दाढी वाढवितात. म्हणजे दुकानात बसलेला माणूसही त्या वर्षी अर्धा नाटकातलाच दिसतो!

हिशेब एका रात्रीचा

आता एक साधा हिशेब करू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेऊ. समजा, एका नाचमंडळात पंधरा माणसे आहेत आणि त्यांना एका खेळाची १५,००० रुपये बिदागी मिळाली. त्यांतून वाहनाचे ४,५०० रुपये आणि पोशाख, वाद्यांची दुरुस्ती व ध्वनिक्षेपक यांचे ३,००० रुपये वजा जाता ७,५०० रुपये उरले. प्रत्येकाच्या वाट्यास ५०० रुपये आले. रात्रभर जागरण झाल्यामुळे दुसऱ्या दिवशी कामावर जाता आले नाही, तर त्या दिवसाची मजुरी बुडाली. आणि तालमीला महिनाभर ज्या रात्री वेचल्या, त्यांचा मोबदला तर कुणीच धरला नाही. मग सांगा पाहू, या माणसाने कमावले की गमावले?

पैशाच्या वहीत पाहिले, तर त्याने गमावलेच. तरीही पुढच्या वर्षी तो पुन्हा चाळ बांधतो. का बरे? कारण वर्षभर जो इतरांच्या हुकुमाने वागतो, त्याला त्या रात्री सारे गाव डोळे लावून पाहत असते. बापाची ढोलकी आपल्या हाती आली आहे, ती आपल्या हयातीत मुकी होऊ नये, अशी त्याला तळमळ असते. हे धन वहीत लिहिता येत नाही.

परंतु मुलांनो, एवढ्यावरच आपण समाधान मानून चालणार नाही. 'कलावंताला पैशाची काय मातब्बरी? तो तर कलेच्या आनंदात मग्न असतो,' असे म्हणणारे लोक पुष्कळ आहेत. असे बोलणे सोपे असते. कारण बोलणाऱ्याच्या घरी चूल पेटलेली असते. जोडधंदा कलावंताला दोन गोष्टी देतो: पोटाला भाकर आणि मनाला स्वातंत्र्य. ज्याची भाकर शेतातून येते, त्याला कुणाची खोटी स्तुती गाण्याची गरज पडत नाही. माणसांच्या सुखदुःखांशी त्याचा रोजचा संबंध राहतो, आणि तोच त्याच्या बोलण्यात व गाण्यात उतरतो. परंतु हाच जोडधंदा त्याच्याकडून बरेच काही हिरावूनही घेतो. झोप जाते, तालीम अपुरी राहते, शरीर लवकर झिजते. स्त्री-कलावंतांना तर मजुरी, घर आणि रंगमंच अशी तिहेरी कसरत करावी लागते. किती गुणी मुले-मुली 'एवढे परवडणार नाही' असे म्हणून चाळ कायमचे सोडून ठेवीत असतील, याची गणती कोण करणार?

२०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्च रोजी आला, आणि त्याच दिवसापासून कोरोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी लागू झाली. तमाशाच्या सुपाऱ्यांचा तो ऐन काळ. यात्रा बंद, नाट्यगृहे बंद, रस्तेही बंद! अधूनमधून दारे किलकिली झाली, पुन्हा मिटली, आणि महाराष्ट्रातील नाट्यगृहे २२ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडली. तोपर्यंत ज्यांचा दुसरा धंदा होता ते कसेबसे तगले, आणि ज्यांचे सारे पोट केवळ खेळावरच होते त्यांची फार आबाळ झाली. कुणी भाजी विकली, कुणी मजुरी केली. त्यात लाजण्यासारखे काहीच नव्हते. लाज वाटावयाची असेल तर ती, ज्यांनी वर्षानुवर्षे त्यांचे खेळ पाहिले आणि त्या दिवसांत त्यांची साधी विचारपूसही केली नाही, त्यांना वाटावयास हवी.

आपले कर्तव्य

राज्य शासन वृद्ध साहित्यिकांना आणि कलावंतांना दरमहा मानधन देते. हे योग्यच आहे. परंतु सारा भार शासनावर टाकून आपण मोकळे होऊ नये. तिकीट काढून खेळ पाहावा. ओळखीच्या बळावर फुकट बसू नये. गावात खेळ ठरविला, तर ठरलेली बिदागी खेळ संपताच, हातावर, सन्मानाने द्यावी. 'उद्या या, परवा या' असे हेलपाटे घालावयास लावू नये. लांबून आलेल्या मंडळींच्या जेवणाची आणि झोपण्याची नीट व्यवस्था करावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रात्री ज्याला टाळ्या दिल्या, तो सकाळी डोक्यावर भारा घेऊन भेटला तर त्याची थट्टा करू नये. भारा वाहणारा म्हणून त्याची कला हलकी ठरत नाही, आणि कलावंत म्हणून त्याचा भाराही हलका होत नाही.

येत्या गौरी-गणपतीत तुमच्या वाडीत किंवा चाळीत जाखडीचा फेर उभा राहील. त्या वेळी नाचणाऱ्यांच्या पायांकडे जरा निरखून पाहा. चाळांच्या खाली, टाचांना, चिखलात महिनाभर उभे राहून पडलेल्या भेगा दिसतील. खेळ संपल्यावर शाहिराजवळ जा, त्यांना नमस्कार करा आणि 'आजोबा, आपण एरवी काय काम करता?' असे आदराने विचारा. जे उत्तर मिळेल ते घरी जाऊन आपल्या वहीत लिहून ठेवा. या पाठात जे सांगावयाचे राहून गेले, ते त्या उत्तरात तुम्हांला सापडेल.

शब्दार्थ

चाळ – पायांत बांधावयाची घुंगरांची माळ
खाचर – बांध घालून पाणी अडविलेले भाताचे शेत
राब – रोपे तयार करण्यासाठी पालापाचोळा जाळून भाजलेली जमीन
बेणणी – पिकातील तण काढणे
कणगी – धान्य साठविण्याची बांबूची मोठी टोपली
मुखोद्गत – तोंडपाठ
राहुटी – लहान तंबू
उचल – पुढील कामाच्या भरवशावर आधी घेतलेली रक्कम
बिदागी – कलेबद्दल दिलेला मोबदला
बेगमी – पुढील दिवसांसाठी केलेली तरतूद
मातब्बरी – महत्त्व

स्वाध्याय

१. एकदोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) जाखडीतील दोन पक्ष कोणते?
(आ) 'बाल्या नाच' हे नाव कसे पडले असे सांगतात?
(इ) नारायणगाव येथे राहुट्या कशासाठी लागतात?
(ई) नाट्यव्यवसायात 'नाईट' कशास म्हणतात?

२. कारणे द्या.
(अ) जाखडीचे खेळ भाद्रपदात होतात.
(आ) गिरण्या बंद पडल्यावर कामगार रंगभूमीचा आधार खचला.
(इ) बोलपट आल्यानंतर नटांना नोकरी शोधावी लागली.

३. आठ-दहा ओळींत उत्तरे लिहा.
(अ) जोडधंदा कलावंताला काय देतो आणि त्याच्याकडून काय घेतो, ते पाठाच्या आधारे सांगा.
(आ) 'भारा वाहणारा म्हणून त्याची कला हलकी ठरत नाही, आणि कलावंत म्हणून त्याचा भाराही हलका होत नाही.' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
डोक्यावर घेणे, हेलपाटे घालणे, आबाळ होणे, वाट धरणे

५. पाठातील 'हिशेब एका रात्रीचा' हा भाग पुन्हा वाचा. मंडळात दहाच माणसे असती आणि बाकी आकडे तेच राहिले असते, तर प्रत्येकास किती रुपये मिळाले असते? माणसे कमी केल्याने नाचाच्या फेरावर काय परिणाम होईल, याची वर्गात चर्चा करा.

६. उपक्रम : आपल्या गावातील किंवा शेजारच्या एखाद्या लोककलावंतास भेटा. त्यांच्या वर्षभराच्या कामांचे आणि खेळांचे महिनेवार पंचांग तयार करा.